हवं आहे: एक म्हातारं हृदय

स्टुडिओत तिला सगळे ‘चाहूल’ म्हणत. जिना चढून कोण येतंय हे तिला दार उघडायच्या आधीच कळायचं, आणि येणारा चिडलेला आहे की खुशीत, तेही कळायचं. “मालक येताहेत, आणि चपलेचा पट्टा तुटलाय,” असं ती मान वर न करता म्हणायची, आणि मालक खरोखरच एक पाय फरफटत आत शिरायचे. आल्या आल्या विचारायचे, “तुम्ही सगळे माझ्या पायाकडे का बघताय?”

एवढे तिखट कान असून तिच्या वाट्याला काम मात्र पुसायचं आलं होतं. स्टुडिओत बोलकी पुस्तकं तयार होत. कुणीतरी काचेपलीकडे बसून वाचायचं आणि चाहूलने नंतर त्या वाचनातला माणूस काढून टाकायचा. घोट गिळल्याचा आवाज पुसायचा. ओठ सुटल्याचा बारीक ‘पच्’ पुसायचा. परिच्छेद संपल्यावरचा सुस्कारा पुसायचा. कितीतरी वर्षं ती हेच करत आली होती, आणि करता करता तिच्या मनात एक गोष्ट घर करून बसली होती. शब्द तर कुणीही लिहून देईल, पण तो घोट त्या माणसाचाच असतो. तोच नेमका आपण केराच्या टोपलीत टाकतो.

म्हणून जेव्हा बाईंनी तिला बोलावून सांगितलं, “या वेळी पुसायचं नाही. गोळा करायचं,” तेव्हा तिला आधी खरंच वाटेना.

बाई म्हणजे स्टुडिओतल्या दिग्दर्शिका. त्यांनी नवी श्रुतिका हातात घेतली होती. गोष्ट अगदी साधी होती. एक आजोबा आणि त्यांची नात तळघरातल्या कोठारात अडकतात, दिवे जातात, आणि कुणीतरी येऊन दार उघडेपर्यंत दोघं अंधारात बसून राहतात. वादळ नाही, विजा नाहीत, पार्श्वसंगीत नाही. जे काही ऐकू येईल ते या दोघांच्या अंगातून. सुकलेल्या घशातून उतरणारा घोट, बोटं मोडल्याचा कडकडाट, केसांतून फिरणारा हात, रिकाम्या पोटाची गुरगुर. आणि मधोमध एक अशी जागा, की जिच्यावर सगळा डोलारा उभा होता. घाबरलेली नात आजोबांच्या छातीला कान लावते. तिथून पुढे श्रोत्याने तिच्याच कानाने आजोबांचं हृदय ऐकायचं, आणि त्या ठोक्यांवर आजोबांचं बोलणं.

“हृदय तर आपल्या आवाजांच्या संग्रहात तयार आहे,” मालक म्हणाले होते. “एक कळ दाबली की सुरू.”

“ते हृदय नाही,” बाई म्हणाल्या. “कुणीतरी डब्यावर बोटं आपटलीत. तो आवाज मी भुताच्या गोष्टीत ऐकलाय, औषधाच्या जाहिरातीत ऐकलाय, आणि एका प्रेमकथेत तर नायक-नायिका दोघांनाही तोच लावला होता. मला म्हाताऱ्या माणसाचं खरं हृदय हवंय.”

मालक वाईट माणूस नव्हते, पण घाईचे होते. त्यांनी सरळ सांगून टाकलं. “शुक्रवारी दुपारी आजोबांचं काम करायला नटवर्य येणार. तोवर तुमचं खरं हृदय आलं तर आलं. नाहीतर संग्रहातलं लागेल, आणि मग यापुढे सगळ्याच कामांना संग्रहातलंच लागेल. दारोदार माइक घेऊन हिंडायला आपण काय शिरगणती करतोय का?”

म्हणजे शुक्रवार चुकला की चाहूल पुन्हा आपली दुसऱ्यांचे सुस्कारे पुसायला मोकळी. हे तिला न सांगता कळलं. पण त्या घटकेला भीतीपेक्षा आनंदच इतका मोठा होता की ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

घरी तिने मोहीमच उघडली. स्टेथोस्कोपच्या चकतीत तिने एक बारका माइक बसवून घेतला होता. चकती अंगाला टेकवायची, वायर रेकॉर्डरला, कानावर हेडफोन, की आतलं जग उघडं. नवऱ्याने सकाळी कामावर जाताना पाण्याचा पेला तोंडाला लावला की ही मागून त्याच्या गळ्याला चकती लावायची. “अगं, ठसका लागेल,” तो म्हणायचा, आणि खरंच लागायचा. तोही ती जपून ठेवायची. सासूबाईंची बोटं कडाकडा मोडायची, ती एकेक करून टिपून झाली. केस विंचरण्याचा आवाज मिळाला, टाच खाजवण्याचा मिळाला, जांभई तर इतक्या जणांची मिळाली की हेडफोन लावून ती ऐकताना स्वतःच जांभया देत बसली.

या कामात तिला एक गोष्ट नव्याने कळली. शरीर मोठं लाजाळू असतं. एरवी चारचौघांत नको तेव्हा बोलणारं पोट माइक दिसला रे दिसला की तोंडात मिठाची गुळणी धरून बसतं. सासूबाई तिच्यासाठी मुद्दाम उपाशी राहिल्या. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या, चकती पोटाला, आणि पोट आपलं चिडीचूप.

“काल तर कावळे ओरडत होते,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, बोलू नका ना.”

“मी कुठे बोलतेय, मी कावळ्यांना बोलतेय.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “पण काय गं, माणसाच्या पोटात काय चाललंय हे जगाला ऐकवायचं कशाला? झाकलेलंच बरं असतं ते.”

“आई, अंधारात दुसरं काही उरतच नाही ना. तेवढंच ऐकू येतं.”

सासूबाईंनी यावर विचार केला. आणि त्या विचारात त्या पोटाला विसरल्या तेवढ्यात पोटाने असा काही लांबलचक, वळणं घेत जाणारा सूर काढला की चाहूलला हसू आवरेना आणि हललं तर चकती सरकेल म्हणून हसताही येईना. डोळ्यांतून पाणी आलं बिचारीच्या.

आता राहिलं होतं फक्त हृदय.

त्यासाठी फार लांब जायची गरज नव्हती. सासरे घरातच होते. बाबांनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं. आता नजर अधू झाल्यावर ते गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांची शिवण तपासत. माणूस शांत, मिश्कील आणि सुनेच्या कामाबद्दल भारी कौतुक असलेला. गुरुवारी सकाळी ते आंघोळ करून, केस नीट बसवून, फोटो काढायला बसावं तसे खुर्चीत येऊन बसले. सासूबाईंनी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात पांघरुणांच्या घडीत नेऊन ठेवलं.

“आयुष्यभर मी लोकांच्या छात्या मापल्या,” बाबा म्हणाले, “आता माझी माप.”

“बाबा, आता बोलायचं नाही.”

“श्वास घ्यायचा ना?”

“तो घ्यायचा.”

“विचारलेलं बरं. या घरात मी विचारल्याशिवाय काही घेत नाही.”

आणि इथेच ती अडचण उभी राहिली, जिचा चाहूलने आधी विचारच केला नव्हता. चकती खरं तर उघड्या छातीला, जागा शोधून, चिकटपट्टीने लावायची असते. नवऱ्याच्या गळ्याला लावताना तिला काही वाटलं नव्हतं. पण हे सासरे. ती त्यांच्याशी थट्टा करायची, त्यांचा चष्मा पुसून द्यायची, सगळं खरं. पण म्हाताऱ्या माणसाला ‘बनियन काढा’ कसं म्हणायचं, आणि काढलं तर बघायचं कुठे? बाबाही तसेच. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं उघडली आणि तेवढ्यावरच भागावं अशा आशेने समोर बघत राहिले.

तेव्हा तिने आपला मधला मार्ग काढला. बनियनवरूनच चकती टेकवली. स्वतः एक पाऊल मागे उभी राहिली, हात लांब केला, तोंड भिंतीकडे वळवलं आणि चकती सटकू नये म्हणून अंगठ्याने घट्ट दाबून धरली.

हेडफोनमध्ये आधी कापडाची खसखस आली. मग बाबांचा श्वास, लांबवरच्या समुद्रासारखा. आणि मग, तिने अंगठा आणखी दाबला तसा, तो आला. डुब-डुब, डुब-डुब, डुब-डुब. जवळचा, जाड, ओला, जिवंत. तिच्या अंगावर शहारा आला. इतकी वर्षं ती या माणसाला चहा देत होती, आणि हे आत चाललेलं तिने कधी ऐकलं नव्हतं. ती जसजशी हरखली तसतसे ठोकेही रंगात आले, धावायला लागले. बाबांनाही किती हौस आहे बघ, तिच्या मनात आलं.

दारातून सासूबाई कुजबुजल्या, “अगं, भिंतीकडे काय बघतेस? समोर बघून लाव. सासरा आहे तुझा, वाघ नाही.”

आणि हृदयाने टुणकन उडी मारली.

चाहूल मनातल्या मनात विरघळली. एवढा संसार झाला, आणि अजून बायकोचा आवाज कानावर पडला की या माणसाचं काळीज उडतं. यापुढे काय हवं? तिने रेकॉर्डर बंद केला, बाबांना नमस्कार केला, सासूबाईंच्या गळ्यात पडली आणि तशीच स्टुडिओकडे धावली. भाजी परतायची राहिली होती, ती सासूबाईंनी परतली.

बाईंनी हेडफोन लावले. डोळे मिटले. चाहूल त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. निकाल लागायच्या दिवशी मुलं शाळेत उभी राहतात, तशी. बाईंचा चेहरा आधी खुलला. मग कपाळावर एक आठी आली. मग त्यांनी हेडफोन उतरवले आणि हळूच विचारलं, “तुझ्या सासऱ्यांना बरं आहे ना?”

“हो. का?”

“आवाज सुरेख आहे. पण हे म्हाताऱ्या माणसाचं बसलेलं हृदय नाही वाटत गं. हे पळतंय. आणि मध्येच एकदा दचकलंय. मी डॉक्टर नाही, पण माझे वडील असेच… जा, आधी त्यांना दाखवून ये. श्रुतिका राहू दे.”

आनंदाचं पाणी व्हायला किती वेळ लागतो? चाहूलने जिन्यातूनच घरी फोन केला. “आई, बाबा कसे आहेत?”

“कसे म्हणजे? शेजाऱ्याच्या कोटाला नावं ठेवताहेत.”

“छातीत धडधडतंय का त्यांच्या?”

पलीकडून सासूबाईंचा आवाज, फोनपासून दूर वळलेला, “अहो, तुमच्या छातीत धडधडतंय का?” आणि बाबांचा, “विचारल्यापासून धडधडतंय.”

कोपऱ्यावरचे डॉक्टर घरच्यासारखे होते. चाहूल पोचली तेव्हा सासूबाई आणि बाबा बाहेरच्या बाकड्यावर बसले होते, आणि सासूबाईंनी बाबांचा हात असा धरला होता की जणू तो सोडला तर ते पतंगासारखे उडतील. “सकाळी अगदी बरे होते गं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या त्या चकतीने काही झालं नसेल ना?”

“आई, चकती नुसती ऐकते.”

“डोळासुद्धा नुसता बघतो, तरी दृष्ट लागते.”

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं. चाहूल बाहेर एकटीच राहिली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने हेडफोन लावले आणि सकाळचं ते रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला घेतलं, या वेळी सुनेच्या काळजीने नव्हे, पुसणारीच्या कानाने. वर्षानुवर्षांची सवय ती. चुकीचं कुठे आहे ते शोध, बाकीचं आपोआप कळेल.

बाबा श्वास आत घेतात. ठोके तसेच. बाबा श्वास सोडतात. ठोके तसेच. बाबा बारीक खाकरतात. छाती हलते, कापड सरकतं, आणि ठोक्यांना त्याची गंधवार्ताही नाही. शेजारच्या घरात कुणी खाकरावं तसे ते आपल्याच चालीत. ती सावरून बसली. हे श्वास आणि हे ठोके एका घरातले नाहीत.

पुढे सासूबाईंचं वाक्य आलं. सासरा आहे तुझा, वाघ नाही. आणि ती उडी. पण हे तर मला म्हटलं होतं, तिच्या मनात आलं. बाबांना कशाला दचकायला होईल? लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं ते मला.

तिने स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली. डुब-डुब, डुब-डुब. तीच चाल.

मग तिने एक गोष्ट केली, जी बघून औषधं देणारा माणूस काउंटरमागून वाकून बघायला लागला. तिने पिशवीतून चकती काढली, बाकड्याच्या लाकडावर टेकवली आणि वरून अंगठ्याने घट्ट दाबली. हेडफोनमध्ये जाड, ओले, जिवंत ठोके सुरू झाले. बाकड्याला हृदय होतं. तिने चकती खिडकीच्या चौकटीला लावली. चौकटीलाही होतं. भिंतीवरच्या ‘थुंकू नये’ पाटीलाही होतं, आणि तेही आनंदाने पळत होतं.

ती दार न वाजवताच आत शिरली. बाबा पलंगावर बसलेले, डॉक्टर कानातून नळ्या काढत होते, आणि सासूबाई त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

“मी आहे ती,” चाहूल म्हणाली. “बाबा नाही, मी. माझा अंगठा.”

तिला धाप लागलेली, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. डॉक्टरांना पहिल्याच वेळी कळलं होतं, पण त्यांना पुन्हा ऐकायचं होतं. “अंगठ्याने नाडी बघू नये हे आम्हाला पहिल्या वर्षी सांगतात,” ते म्हणाले. “अंगठ्याची स्वतःची नाडी असते, ती मध्ये बोलते. तुम्ही चकती अंगठ्याने का धरलीत? पट्टी नव्हती?”

“होती.”

“मग?”

बाबा छताकडे बघायला लागले. डॉक्टरांनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा सासऱ्यांच्या जेमतेम उघडलेल्या दोन बटणांकडे, आणि त्यांनी पुढे विचारलं नाही.

“म्हणजे यांना काही झालेलं नाही?” सासूबाई म्हणाल्या.

“काही नाही. एक झडप जुनी झालीय, ते आपल्याला माहीतच आहे, ती आपलं काम करतेय. सूनबाईंचं मात्र जरा वेगात आहे.”

“ती जेवतच नाही वेळेवर,” सासूबाई म्हणाल्या, आणि मग एकाएकी पदराचं टोक डोळ्यांना लावून त्यांनी बाबांना झापलं, “आणि तुम्ही. धडधडतंय म्हणून सांगायला काय झालं होतं?”

“तू विचारलंस म्हणून धडधडलं.”

जीव भांड्यात पडला तसं चाहूलला आठवलं की उद्या शुक्रवार आहे. आणि तिच्याजवळ हृदय नाही. जे होतं ते तिचं स्वतःचं निघालं.

तिने खोलीभर कान फिरवला. आतली खोली जाड भिंतींची, रस्ता दूर, दुपारची वेळ, बाहेर रोगी नाहीत. घरापेक्षाही शांत. तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “माझा डबा खाऊन होईपर्यंत खोली तुमची. चावण्याचा आवाज नको असेल तर मी बाहेर खातो.”

मग ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. या वेळी भिंतीकडे नाही. “बाबा,” ती म्हणाली, “बनियन काढावं लागेल. आणि मला बघून लावावं लागेल. चालेल?”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मिश्कीलपणा होता, पण त्याखाली दुसरंही काही होतं. “मापं घ्यायची म्हणजे बघावंच लागतं,” ते म्हणाले. “मी पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाला हात लावायला लाजलो, तर त्याचा कोट पोटावर आला. सकाळीच सांगणार होतो तुला. पण म्हटलं, पोरीला अवघडायला होईल.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“अंगठ्याचं नव्हतं माहीत. अवघडलीस ते माहीत होतं. मीही अवघडलो होतो.”

सासूबाईंनी शर्ट आणि बनियन घडी करून मांडीवर घेतलं. चाहूलने पहिल्यांदा त्या छातीकडे नीट बघितलं. पांढरे विरळ केस, बरगड्यांवर सैल पडलेली कातडी, डाव्या बाजूला आतून कुणी हलकेच बोट लावावं तशी उचलली जाणारी एक जागा. तिने तिथे चकती ठेवली, चिकटपट्टीचे दोन तुकडे आडवे-उभे लावले आणि दोन्ही हात काढून घेतले. मुद्दाम पाठीमागे बांधले.

मग तिने ऐकलं.

हे पळत नव्हतं. हे आपल्या वेळेने येत होतं. पहिला ठोका जाड, दुसरा बारीक, आणि दोहोंच्या मध्ये एक हलकी फरफर, कापडाच्या ताग्यावरून तळहात फिरवावा तशी. ती डॉक्टरांची जुनी झडप असणार. बाबा श्वास घेत तेव्हा ठोके जरा जवळ येत, सोडत तेव्हा लांब जात. श्वास आणि ठोके आता एकाच घरातले होते, एकमेकांना वाट करून देत होते. चाहूलच्या मनात आलं, याला कुणी सांगितलं नाही, कुणी किल्ली दिली नाही. हा माणूस झोपला, रागावला, आजारी पडला, कपडे बेतत बसला, आणि हे त्याच्यासाठी चाललंच आहे. ज्याने चालू करून दिलं त्याने कधी आठवणही करून दिली नाही. तिचे हात मागे बांधलेले होते, नाहीतर ते जोडले गेले असते.

“मिळालं का?” सासूबाईंनी मोठ्याने विचारलं.

ठोके जराही बदलले नाहीत. घराला आपल्याच दाराचा आवाज जसा ऐकू येत नाही, तसं.

चाहूलने उत्तर न देता हेडफोन काढून सासूबाईंच्या डोक्यावर ठेवले. त्या आधी घाबरल्या, मग त्यांनी ते दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. बाबा त्यांच्याकडे बघत होते. नवा कोट घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं.

“कसं आहे?” त्यांनी शेवटी विचारलं.

“शिलाई मशीन असेल वाटलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “नाहीये.” आणि हेडफोन काही परत देईनात. डॉक्टरांचा डबा कधीच संपला होता, पण ते दाराबाहेरच थांबून राहिले.

शुक्रवारी मालकांनी उभ्या उभ्या ऐकलं, घड्याळाकडे बघत. “हे हृदय वाटत नाही,” ते म्हणाले. “कुणी फळी पुसतंय असं वाटतं. श्रोत्याला कळायला नको? तुमचं खरं असेल, पण आमच्या संग्रहातलं जास्त खरं वाटतं.”

“एकदा नटवर्यांना ऐकवू,” बाई म्हणाल्या.

“आधी आमचं. वेळ गेला तर माझा जाईल.”

नटवर्य हे वयस्क नट. आवाज असा की दोन खोल्या पलीकडचा पेला वाजावा. काचेमागे बसून त्यांनी हेडफोन लावले. संग्रहातलं हृदय सुरू झालं, ढब-ढब, ढब-ढब, आणि नटवर्यांनी आजोबांची वाक्यं घेतली. छान घेतली. पण त्या ढब-ढबच्या वर चढून, भरल्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जावीत अशी. अंधारात छातीला बिलगलेल्या पोरीशी इतक्या मोठ्याने कोण बोलतं? बाईंनी पुन्हा घ्यायला लावलं. पुन्हा तेच. मालक म्हणाले, “चालेल की.”

बाईंनी चाहूलकडे नुसतं बघितलं. चाहूलने कळ फिरवली आणि बाबांना काचेपलीकडे पाठवलं.

नटवर्यांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. कागद खाली ठेवला. थोडा वेळ ते ऐकत राहिले, मान एका बाजूला कललेली. मग माइकमधून म्हणाले, “हे कोण आहेत?”

काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

“माझे सासरे,” चाहूल म्हणाली.

“बरं,” नटवर्य म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून वाकून बसले. त्यांचा श्वास हळूहळू उतरला, लांब झाला, आणि मग त्यांनी अगदी खालच्या आवाजात, झोपलेल्या पोराच्या कानाशी बोलावं तसं सुरू केलं. “ऐकतेस ना? हे चालू आहे. मी गप्प बसलो तरी हे बोलत राहील. तू फक्त कान लावून ठेव.” दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत ते एकेक शब्द ठेवत होते. शब्द कुठेच फरफरीवर पडला नाही. कागदावर एक सुस्कारा लिहिलेला नव्हता, तो त्यांनी घेतला, आणि एक घोट गिळला. चाहूलचं बोट सवयीने पुसायच्या कळेकडे गेलं आणि तिथून हसत मागे आलं.

मालक केव्हा बसले ते कुणाला कळलं नाही. त्यांचा एक हात शर्टाच्या खिशावर होता, डाव्या बाजूला, आणि त्यांना तो तिथे असल्याचं भानही नव्हतं. नात जिथे बोलणार होती ती जागा आली तरी नटवर्य थांबले नाहीत, बाई थांबवेनात, आणि ठोके तर थांबणारच नव्हते.

“हेच लावा,” मालक शेवटी म्हणाले. “आणि पुढच्या श्रुतिकेला… बाई, त्यात ती पोहणारी मुलं आहेत ना? त्यांचे श्वास कुठून आणणार?”

“चाहूल आणेल,” बाई म्हणाल्या.

चाहूल जिन्यात गेली. तिने घरी फोन लावला. पहिल्याच घंटीला सासूबाईंनी उचलला. फोनच्या शेजारीच बसून होत्या बहुतेक.

“घेतलं का गं त्यांचं?”

“घेतलं, आई. सगळ्यांना आवडलं.”

पलीकडून बाबांना ही बातमी दिली गेल्याचं ऐकू आलं, आणि बाबांनी काहीतरी विचारल्याचं, आणि सासूबाईंनी त्यांना गप्प केल्याचं. मग त्या परत आल्या.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पण जपून वापरा म्हणावं त्यांना. आमच्याकडे एकच आहे.”